आधी क्लब, मग कॉलेज!

जपानमध्ये चांगल्या विद्यापीठात शिरणं महाकठीण, पण एकदा शिरलं की पदवी घेऊन बाहेर पडणं त्या मानाने सोपं, असं तिथलेच लोक हसत हसत सांगतात. मग मधली चार वर्षं मुलं करतात काय? लेक्चरं असतात, पार्टटाइम नोकऱ्या असतात. पण पन्नाशीतल्या एखाद्या जपानी माणसाला कॉलेजच्या दिवसांबद्दल छेडलं, तर गाडी बहुतेक वेळा क्लबवर येऊन थांबते. प्राध्यापकांची नावं विस्मरणात गेलेली असतात, पण क्लबमध्ये दम देणारा सीनियर अजून स्वप्नात येतो.

हे क्लब बहुतांशी मुलंच चालवतात. कार्यक्रम ठरवणं, पैसे गोळा करणं, भांडणं मिटवणं, जागा मिळवणं, सगळं विशी-बाविशीतल्या पोरांच्या हातात. मौजमजा इतक्या गांभीर्याने करणारे विद्यार्थी दुसरीकडे सापडणं अवघड. त्याचेच हे काही नमुने.

तंबूंच्या गल्लीतून सुटका नाही

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि त्याच सुमाराला क्लबांची माणसं पकडायची मोहीमही. ‘शिंकान’ म्हणतात तिला. टोकियो विद्यापीठातली, म्हणजे लाडक्या नावाने ‘तोदाई’तली, सगळी नवी मुलं आधी कोमाबाच्या परिसरात शिकतात. प्रवेशाची कागदपत्रं द्यायला ती तिथे येतात, तेव्हा खरी गंमत असते. कागद दिले, सुटलो, असं म्हणून पोरगं बाहेर पडतं आणि समोर दुतर्फा तंबूच तंबू. प्रत्येक तंबूत एकेक क्लब दबा धरून बसलेला. एका तंबूतून सुटलं की पुढच्यात ओढलं जातं. बसवतात, गोड बोलतात, फोन नंबर घेतात, हातात पत्रकं कोंबतात. काही मिनिटांचा रस्ता पार करायला तासन्‌तास लागतात. उंचापुरा मुलगा दिसला की नौकानयनवाले आणि अमेरिकन फुटबॉलवाले झडप घालणार, हे ठरलेलं. ‘मला खेळ येत नाही’ ही सबब चालत नाही. ‘आम्हालाही येत नव्हता’ हे उत्तर तयार असतं.

तोदाईच्या अमेरिकन फुटबॉल संघाला तर एप्रिलपर्यंतही धीर नसायचा. हाँगो परिसरात प्रवेश परीक्षेचा निकाल फलकावर लागला की हे धिप्पाड गडी तिथेच हजर. आपला नंबर सापडलेल्या मुलाला खांद्यावर घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून हवेत उडवायचं. टीव्हीच्या बातम्यांत दरवर्षी हेच दृश्य दिसायचं. ज्याचा नंबर सापडला नाही त्याने त्या गर्दीतून वाट कशी काढायची, हा विचार मात्र फार कुणी केलेला दिसत नाही.

घाम गाळणारे आणि टंगळमंगळ करणारे

क्लबांचे ढोबळ प्रकार दोन. एक ‘बुकात्सु’. त्यातही ‘ताइइकुकाई’त मोडणारे क्रीडासंघ म्हणजे विद्यापीठाची अधिकृत फौज. आठवड्यातले पाच-सहा दिवस सराव, गणवेश, शिस्त, सीनियर दिसला की कमरेत वाकून नमस्कार. दुसरा ‘साकुरु’, म्हणजे सर्कल. इथे आठवड्यातून एक-दोनदा भेटलं तरी पुरे आणि दांडी मारली तरी कुणी फाशी देत नाही. त्यामुळे एकाच विद्यापीठात टेनिसचा एक कडक संघ असतो आणि त्याच्याभोवती टेनिसची ढीगभर सर्कलं. यांतल्या काहींत रॅकेटपेक्षा ग्लास जास्त उचलला जातो, असा लौकिक आहे. काही मंडळी तर खेळाचं नावच लावत नाहीत. उन्हाळ्यात समुद्र, हिवाळ्यात स्कीइंग, मध्ये बार्बेक्यू, आणि क्लबचं नाव ‘ऑल-राउंड’. इतका प्रामाणिकपणा मला तरी आवडला.

एकाच वेळी दोन-तीन सर्कलांत नाव घालणारे असतात, तसे नाव घालून पुन्हा कधीच न फिरकणारेही असतात. यादीत आहे, वर्गणीही एकदा भरली आहे, पण माणसाचा पत्ता नाही. अशांना ‘भूत-सदस्य’ म्हणतात. क्लबमध्ये माणसं पुरेशी आहेत असं कागदावर दाखवायचं असतं, तेव्हा हीच भुतं उपयोगी पडतात.

फुकट जेवणाचा महिना

एप्रिलमध्ये थोडं डोकं लढवणारा नवा विद्यार्थी रात्रीच्या जेवणावर फारसा खर्च करत नाही. आज कॅलिग्राफीवाले बोलावतात, उद्या रग्बीवाले, परवा जॅझवाले. स्वागताच्या ‘कोम्पा’त, म्हणजे खाण्यापिण्याच्या बैठकीत, नव्यांचं बिल सीनियर भरतात, निदान बरंचसं. खिशाला चाट बसते ती पुढच्या वर्षी, जेव्हा हाच मुलगा सीनियर होतो आणि नव्या भुकेल्या तोंडांसमोर पाकीट उघडतो.

या बैठकांची बदनाम बाजूही आहे. एका दमात ग्लास रिकामा करायला लावणारा ‘इक्की! इक्की!’ हा गजर इतका पसरला, की 1985 साली जपानच्या गाजलेल्या शब्दांच्या वार्षिक पुरस्कारात त्याला सुवर्ण मिळालं. पुरस्काराचे मानकरी होते केइओ विद्यापीठाच्या क्रीडासंघातले विद्यार्थी! त्या घोषणेच्या पायी पुढे पोरं दगावली, तेव्हा देशाचं हसू ओसरलं. आता विद्यापीठं दर एप्रिलला त्याविरुद्ध पत्रकं वाटतात. प्रौढत्वाचं वय 2022 मध्ये 20 वरून 18 वर आलं, दारूचं मात्र 20 च राहिलं. म्हणून आजकाल नव्या मुलांसमोर ऊलोंग चहाचे ग्लास असतात. असायला हवेत, असं म्हणू या.

बाण दूरच, आधी रबर ताणा

परदेशी विद्यार्थ्यांना हमखास भुरळ पडते ती ‘क्युदो’ची, म्हणजे जपानी धनुर्विद्येची. धनुष्य दोन मीटरहून उंच, माणसापेक्षा मोठं. मूठ मध्यावर नाही, बरीच खाली. ते हातात घेऊन पहिल्याच दिवशी निशाणा साधायचा, अशा कल्पनेने येणाऱ्याच्या हातात काय पडतं? एक छोटा दांडा आणि त्याला बांधलेलं रबर. त्या रबराने उभं राहणं, हात उचलणं, ओढणं, सोडणं, सोडल्यावर तसंच थांबणं असे आठ टप्पे घोटून घ्यायचे. मग खरं धनुष्य, पण बाणाशिवाय. मग बाण, पण दोन पावलांवरच्या गवताच्या जाड गठ्ठ्यात. तिथे चुकायची सोयच नाही, त्यामुळे सीनियरची नजर बाणावर नसते, तुमच्या कोपरावर असते. असे आठवडे, कधी महिने गेल्यावर 28 मीटरवरचं 36 सेंटिमीटरचं लक्ष्य समोर येतं.

तोवर नव्यांनी करायची कामं भरपूर असतात. लाकडी जमीन पुसायची, लक्ष्यामागचा वाळूचा बांध पाणी मारून चोपायचा, इतरांनी मारलेले बाण गोळा करून, पुसून आणायचे. ‘सेम्पाय’ म्हणजे सीनियर, ‘कोहाय’ म्हणजे ज्युनियर. इथे वय किती यापेक्षा आत कधी आलात याला महत्त्व. दोन वर्षं उशिरा कॉलेजात आलेला एकवीस वर्षांचा मुलगा एकोणिसाच्या सेम्पायशी आदरार्थी बोलतो, निदान क्लबात तरी. मारकुट्या सीनियरांचे किस्से जुन्या पिढीकडे आहेत आणि ती परंपरा कमी झाली हे बरंच झालं. पण बाण पुसायची परंपरा राहावी. बाणाची किंमत त्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या वर्षी राजा, चौथ्या वर्षी निवृत्त

क्लबची सत्ता बहुधा तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, बाहेरच्यांशी बोलणी करणारा, उन्हाळी शिबिराची बसगाडी ठरवणारा अशी पदं वाटली जातात. आपल्या गणेशोत्सव मंडळात वर्गणीचं पुस्तक सांभाळलेल्याला हा कारभार नवा वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे पदाला मुदत आहे. चौथ्या वर्षी नोकरीच्या खटपटीसाठी बहुतेक जण ‘निवृत्त’ होतात, बावीस वर्षांचे! मार्चमध्ये त्यांना रडारडीसकट निरोपाची पार्टी होते. त्यानंतर ते ‘ओबी’ किंवा ‘ओजी’ होतात, म्हणजे माजी. शिबिरात बियरचे खोके घेऊन येतात आणि ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करतात. हा रोग सार्वत्रिक आहे.

उन्हाळी शिबिराला ‘गाश्शुकु’ म्हणतात. नागानो भागातलं सुगादाइरा हे पठार म्हणजे रग्बीवाल्यांची पंढरी. शंभराहून जास्त मैदानं तिथे आहेत आणि ऑगस्टमध्ये ती सगळी विद्यापीठं आणि शाळांच्या संघांनी भरून जातात.

चीअरिंगमुळे एकोणीस वर्षं अबोला

वासेदा आणि केइओ ही टोकियोतली दोन जुनी खाजगी विद्यापीठं. त्यांच्यातला बेसबॉलचा सामना 1903 मध्ये सुरू झाला. 1906 मध्ये दोन सामन्यांनंतर बरोबरी झाली आणि पाठीराख्यांचा जोश इतका उसळला, की तिसरा सामना रद्दच करावा लागला. पुढचा सामना कधी झाला? 1925 मध्ये. तब्बल 19 वर्षं दोन्ही संघ समोरासमोर आलेच नाहीत, कारण काय तर टाळ्या-घोषणांचा अतिरेक!

आज याच घोषणाबाजीचे स्वतंत्र क्लब आहेत. ‘ओएंदान’ म्हणतात त्यांना. काळा लांब कोट, पांढरे हातमोजे, प्रचंड ढोल. रणरणत्या उन्हात कोट न काढता हे गडी हात फिरवत उभे राहतात. स्वतः एकही चेंडू न खेळता चार वर्षं दुसऱ्यांसाठी ओरडायचं, हाच त्यांचा खेळ.

1943 च्या ऑक्टोबरमध्ये, विद्यार्थ्यांना सैन्यात धाडायच्या आधी, वासेदा-केइओ सामना शेवटचा म्हणून खेळवला गेला. वासेदा 10-1 ने जिंकलं. त्या दिवशी मैदानावर असलेल्यांपैकी काही जण युद्धावरून परतले नाहीत.

1925 मध्येच टोकियोतल्या सहा विद्यापीठांची लीग उभी राहिली: वासेदा, केइओ, मेइजी, होसेई, रिक्क्यो आणि तोदाई. या लीगमधून कुणी बाहेर पडत नाही, कुणी आत येत नाही. त्यामुळे बाकीच्या संघांत शाळेत गाजलेले खेळाडू आणि तोदाईत प्रवेश परीक्षेचे वाघ, असा विषम सामना पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तोदाईने एकदाही विजेतेपद मिळवलेलं नाही. 1946 मधला दुसरा क्रमांक ही त्यांची आजवरची मजल. 2010 ते 2015 या काळात तर ते सलग 94 सामने हरले. 23 मे 2015 ला होसेईला हरवलं तेव्हा स्टेडियममध्ये असा जल्लोष झाला, की अनभिज्ञ माणसाला कप जिंकला असं वाटावं. हरणाऱ्या संघात दर एप्रिलला नवी मुलं दाखल होतातच. जिंकणाऱ्या संघात कुणीही जाईल हो!

खांद्यावरची पट्टी

2 आणि 3 जानेवारी. नववर्षाची सुट्टी. अर्धा जपान टीव्हीसमोर, आणि पडद्यावर काय? पळणारी कॉलेजची मुलं. टोकियोतल्या ओतेमाचीपासून हाकोनेच्या आशी तलावापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी परत, दहा टप्प्यांत मिळून 217.1 किलोमीटर. हाकोने एकिदेन. एका विद्यापीठाचे दहा जण, प्रत्येकाने वीसेक किलोमीटर पळायचं आणि खांद्यावरची ‘तासुकी’ ही कापडी पट्टी पुढच्याच्या हातात द्यायची. पाचव्या टप्प्यात 800 मीटरहून जास्त चढ आहे. तो घाट लीलया चढणाऱ्याला लोक ‘डोंगराचा देव’ म्हणतात.

आणि नियम निर्दयी. सर्वांत पुढच्या संघापेक्षा ठरावीक मिनिटांहून जास्त मागे पडलात, तर तुमच्या पुढच्या धावपटूला वाट न बघता सोडून देतात. मग शंभर-दीडशे मीटरवर पट्टी हातात घेऊन धडपडत येणारा मुलगा आणि समोर रिकामी रेघ, हे दृश्य दिसतं. त्या क्षणी घराघरात लोकांचे डोळे पाणावतात. विजेत्याचं नाव विसरतील, ते दृश्य नाही.

ही शर्यत 1920 मध्ये सुरू झाली, तेव्हा संघ फक्त चार होते. तिच्या मागे होते कानाकुरी शिझो. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला गेले तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. मॅरेथॉनमध्ये उन्हाने त्यांना घेरी आली, वाटेतल्या एका घरात लोकांनी आसरा दिला, आणि संयोजकांना न कळवताच ते निघून गेले. स्वीडनच्या दफ्तरी गडी ‘बेपत्ता’! अखेर 1967 मध्ये त्यांना सन्मानाने बोलावून अंतिम रेषा पार करायला लावली. अधिकृत वेळ: 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं, 20.3 सेकंद. मधल्या काळात लग्न झालं, मुलं-नातवंडं झाली, असं ते म्हणाल्याचं सांगतात.

खून, विनोद आणि बझर

घाम गाळायचा नसेल तर डोकं गाळायचे क्लबही आहेत. क्योटो विद्यापीठाच्या रहस्यकथा क्लबात एका पिढीला आयात्सुजी युकितो, नोरिझुकी रिंतारो, आबिको ताकेमारू, ओनो फुयुमी ही मंडळी होती. पुढे सगळे नावाजलेले लेखक. आयात्सुजी आणि ओनो तर नवरा-बायको झाले. 1987 मध्ये आयात्सुजींची पहिली कादंबरी आली, दशकोनी घरातल्या खुनांची. विषय काय? एका विद्यापीठाच्या रहस्यकथा क्लबाचे सदस्य निर्जन बेटावर शिबिराला जातात, एकमेकांना एलरी, अगाथा, पो अशा नावांनी हाका मारतात आणि एकेक करून मरतात. जपानी रहस्यकथेत या पुस्तकापासून नवं पर्व मानतात. क्लबातल्या मित्रांना कागदावर ठार मारून प्रसिद्ध व्हायची संधी कुणी सोडावी?

राकुगो म्हणजे उशीवर बसून एकट्याने, पंखा आणि रुमाल एवढ्या सामग्रीवर सांगायची विनोदी गोष्ट. तिचे अभ्यासक क्लबही बऱ्याच विद्यापीठांत आहेत. मेइजीच्या क्लबात ‘शिकोन्तेई शिचो’ हे रंगमंचावरचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे वारशाने जातं. मियाके युजी, तातेकावा शिनोसुके आणि वातानाबे मासायुकी या तिघांनीही ते लागोपाठ मिरवलं, आणि तिघेही पुढे घराघरात पोचले.

तोदाईच्या क्विझ क्लबातून आलेला इझावा ताकुशी याने 2016 मध्ये ‘क्विझनॉक’ हे क्विझचं संकेतस्थळ सुरू केलं. या क्लबांत सराव कसा चालतो हे पाहण्यासारखं आहे. प्रश्न सुरू होतो, ‘जपानमधला सर्वांत उंच पर्वत फुजी आहे, पण...’ आणि बझर वाजतो. उत्तर: ‘किताडाके!’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पर्वत. ‘पण’ ऐकल्यावर प्रश्नाने कुठलं वळण घ्यायचं हे जवळपास ठरलेलं असतं, तिथेच बोट दाबायचं. ज्ञान सगळ्यांकडेच आहे. वाक्य कुठे वळतं याचा कान ज्याचा तयार, तो जिंकतो.

संगीताचं तर विचारूच नका. 1978 मध्ये पदार्पण करून जपानला वेड लावणारा सदर्न ऑल स्टार्स हा बँड आओयामा गाकुइन विद्यापीठाच्या ‘बेटर डेज’ या क्लबातून आला. गॉस्पेलर्स हा गट वासेदाच्या वाद्याविना गाणाऱ्यांच्या क्लबातून. रिक्क्योच्या सिनेमा क्लबाने कुरोसावा कियोशी हे दिग्दर्शक दिले, आणि दिग्दर्शक सुओ मासायुकीही रिक्क्योचेच. सुओंचा ‘शॅल वी डान्स’ हॉलीवूडने पुन्हा केला म्हणून आपल्याला ठाऊक. पण त्याआधी, 1992 मध्ये त्यांनी केलेला सिनेमा बघा: पदवीसाठी अडून राहिलेला एक विद्यार्थी, मोडकळीला आलेला सुमो क्लब, आणि प्राध्यापकांनी घातलेली अट.

गोविंदा आला रे, जपानी रोबो घेऊन

ही माहिती पुणेकरांनी जपून ठेवावी. जपानच्या विद्यापीठांत रोबो बनवणारे क्लब आहेत आणि त्यांची स्पर्धा एनएचके ही सार्वजनिक वाहिनी भरवते. त्यातला विजेता आशिया-पॅसिफिकच्या ‘रोबोकॉन’ला जातो. दरवर्षी यजमान देश स्पर्धेचा विषय ठरवतो. 2008 मध्ये यजमान पुणे होतं आणि विषय होता दहीहंडी! त्यामुळे त्या वर्षी जपानी मुलं आपापल्या कार्यशाळांत डोकं खाजवत बसली होती, की उंचावरच्या लोण्यावर यंत्राने डल्ला कसा मारायचा. कृष्णाच्या बाललीलांचं इतकं बारकाईने केलेलं अभियांत्रिकी विश्लेषण क्वचितच झालं असेल. 2014 मध्ये ही स्पर्धा पुन्हा पुण्यात आली.

कबड्डीचंही तसंच. टोकियोतल्या ताइशो या बौद्ध विद्यापीठात कबड्डीचा क्लब आहे. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा आली, तेव्हा जपान मैदानात होता आणि 2010 मध्ये पुरुषांनी कांस्यपदकही नेलं.

विमानवेड्यांसाठी बिवा तलाव. ‘बर्डमॅन’ स्पर्धा 1977 पासून तिथे होते. दहा मीटर उंच मचाणावरून माणसाच्या पायडलवर चालणारं विमान सोडायचं. वर्षभर कॉलेजच्या शेडमध्ये पंख जोडायचे, रात्री जागायच्या, आणि शेवटी काही विमानं किलोमीटरच्या किलोमीटर उडतात, तर काही चार सेकंदांत पाण्यात. मग सगळा क्लब किनाऱ्यावर बसून रडतो आणि आठवड्याभरात पुढच्या वर्षीचं विमान आखायला घेतो.

वासेदात ‘100 किलोमीटर हाइक’ आहे. सायतामातल्या होंजोपासून विद्यापीठापर्यंत दोन दिवस चालायचं, तेही चित्रविचित्र वेशभूषेत. प्रत्यक्ष अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास! नाव बदलायची तसदी कुणी घेतलेली नाही.

टोकियोच्या परकीय भाषांच्या विद्यापीठातही महोत्सवात अशीच मेहनत. पहिल्या वर्षाची मुलं आपण शिकत असलेल्या भाषेच्या देशाचे पदार्थ विकतात, दुसऱ्या वर्षाची त्या भाषेत नाटक करतात. हिंदीचे विद्यार्थी हिंदीत. ओसाकातले प्राध्यापक मिझोकामी तोमिओ तर आपल्या विद्यार्थ्यांची हिंदी नाटकं घेऊन थेट भारतात आले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कुमाऊँमधली जपानी पोरं

1936 साली जपानी माणसाने हिमालयातलं पहिलं शिखर सर केलं. मोहीम कुणाची? सरकारची नव्हे, सैन्याचीही नव्हे. रिक्क्यो विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबाची. शिखर नंदा कोट, 6,861 मीटर, आजच्या उत्तराखंडात. नेते होते होत्ता याइची. त्याआधी या शिखरावर कुणीच पोचलेलं नव्हतं. पहिल्यांदा हिमालयात उतरायचं आणि पहिल्याच फटक्यात अजिंक्य शिखर जिंकायचं, हा प्रकार विद्यार्थीच करू शकतात. अनुभवी माणूस आधी नकाशा उलटासुलटा बघत बसला असता.

क्योटो विद्यापीठात 1956 मध्ये जपानचा पहिला विद्यार्थी ‘शोधमोहीम क्लब’ निघाला. वासेदाच्या अशाच क्लबातली मुलं 1988 मध्ये आफ्रिकेतल्या काँगोला गेली, तेले सरोवरातला डायनासोरसारखा प्राणी शोधायला. प्राणी सापडला नाही. ताकानो हिदेयुकी या सदस्याला मात्र पुस्तकाचा विषय सापडला आणि तो आयुष्यभर तेच करत राहिला.

सावध राहा, असं विद्यापीठच सांगतं

सगळंच गोड नाही. आपली ओळख लपवून योग, स्वयंसेवा किंवा ‘करिअर मार्गदर्शन’ अशा नावाने फिरणारे धार्मिक पंथ नव्या, एकट्या पडलेल्या मुलांवर टपून असतात. विद्यापीठं त्यासाठी दर वर्षी इशारे छापतात. घर सोडून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाला आपुलकीने जेवायला कोण नेतं आहे हे ओळखणं खरंच अवघड असतं.

आणि एक जुनं दुखणं. तोदाईत पदवीला शिकणाऱ्या मुलींचं प्रमाण पाचात एकच्या आसपास. तरीही काही सर्कलं तोदाईच्याच मुलींना घेत नसत, बाहेरच्या कॉलेजांतल्या मुलींना मात्र पायघड्या. 2019 च्या एप्रिलमध्ये समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी तोदाईच्या स्वागत समारंभात, नव्या मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर, हे उघड बोलून दाखवलं. आपण पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थिनी होतो तेव्हाही असलेच क्लब होते, अशी पुस्तीही जोडली. देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती.

आणि शेवटी नोकरी

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाखती सुरू होतात. काळा सूट, काळी बॅग आणि हमखास येणारा प्रश्न: ‘विद्यार्थिदशेत कशासाठी जीव तोडून मेहनत केलीत?’ या प्रश्नाला ‘गाकुचिका’ असं टोपणनावही आहे. चार वर्षं क्लबात काय केलं, किती जणांची भांडणं मिटवली, सदस्य कमी होत असताना काय युक्ती लढवली, हे तिथे सांगायचं. कडक क्रीडासंघातून आलेल्यांना कंपन्या झुकतं माप देतात. ऊन-पाऊस, सीनियरची बोलणी, पहाटेचा सराव हे सगळं सोसलेला माणूस बॉसही सोसेल, असा हिशेब.

त्यावरची जपानमधली जुनी थट्टा अशी, की मुलाखतीला येणारा जो तो आपल्या सर्कलचा उपाध्यक्ष असतो. अध्यक्षपद सांगायचं धाडस होत नसावं. खरा अध्यक्ष बाहेरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेला असायचा!